पॅरिसचा वकील जमिनीच्या पोटात उतरला आणि फ्रान्समध्ये पाण्याचा कायदा आला

दक्षिण फ्रान्समधली व्हेर्दोंची घळ. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, काही ठिकाणी तब्बल ७०० मीटर उंच. आज तिथे लोक हेल्मेट, वेटसूट घालून कॅन्योनिंग करतात. पण १९०५ पर्यंत ही घळ नदीच्या पात्रातून पूर्ण कुणी पार केल्याची नोंद नव्हती. ती पार करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते एदुआर आल्फ्रेद मार्तेल.

१८५९ साली पाँत्वाज इथे जन्मलेले मार्तेल पेशाने वकील. कोर्टाला सुट्टी लागली की ते थेट गुहा गाठायचे. १८८८ मध्ये त्यांनी ब्रामाबियोची भूमिगत नदी पार केली. पुढच्याच वर्षी ते पादिराकच्या प्रचंड विवरात उतरले आणि तळाशी त्यांना वाहती नदी सापडली. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या गेपिंग गिल या सुमारे १०० मीटर खोल विवरात ते दोराच्या शिडीने उतरले.

हे सगळं नुसत्या धाडसावर झालं नाही. वर थांबलेल्यांशी बोलायला टेलिफोन, पाणी लागलं तर घडीची कापडी होडी आणि लुई आर्मांसारखा भरवशाचा लोहार सोबतीला, अशी त्यांची तयारी असायची.

मेलेलं वासरू आणि कायदा

१८९१ मध्ये एका झऱ्याचं पाणी पिऊन मार्तेल आजारी पडले. शोध घेतला तेव्हा कळलं, की वरच्या बाजूच्या विवरात मेलेलं वासरू टाकलेलं होतं.

असं का झालं? वाळूतून पाणी झिरपताना बरंचसं गाळलं जातं. चुनखडीत मात्र ते भेगांमधून सरळ वाहतं आणि वरची घाण खालच्या झऱ्यात येते. स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असेलच असं नाही, हे मार्तेल यांनी वर्षानुवर्षं मांडलं. अखेर १९०२ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने अशा विवरांत मेलेली जनावरं टाकायला बंदी घातली.

व्हेर्दोंचे ते दिवस

व्हेर्दोंची मोहीमही पाण्याच्या अभ्यासासाठीच होती. सोबत आर्मां होतेच, शिवाय इंजिनिअर आर्मां जाने आणि रुगों गावचे शिक्षक इसिदोर ब्लां. परिसर माहीत असलेला स्थानिक माणूस हवाच, हा यातला महत्त्वाचा भाग. कारण अशा घळीत एकदा उतरलं, की बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच. पाणी वाढलं तर मागे फिरणंही अवघड. ऑगस्ट महिन्यात होड्या कधी वल्हवत, कधी खडकांवरून उचलून नेत तुकडी काही दिवसांत सुखरूप बाहेर पडली.

१९३८ मध्ये मार्तेल यांचं निधन झालं. आधुनिक गुहाशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखलं जातं. व्हेर्दोंमधल्या प्रसिद्ध पायवाटेला आज त्यांचंच नाव आहे. पण ज्यांनी हे नाव कधी ऐकलंही नाही, अशा कित्येक गावांच्या झऱ्यांना त्या कायद्याने संरक्षण दिलं.