वरसईच्या विष्णुभटांचा प्रवास

तीर्थयात्रेस जाणारे पुष्कळ असतात. यात्रेत जे पाहिले ते जसेच्या तसे मागे ठेवणारे थोडे. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे त्या थोड्यांपैकी होत.

घर भिक्षुकीचे आणि डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता आली. दक्षिणा मिळेल, ऋण फिटेल, गंगास्नान घडेल, या आशेने तिशीच्या घरातील विष्णुभट 1857 मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून येणाऱ्या उठावाची कुणकुण त्यांस लागली. तरी ते मागे फिरले नाहीत.

पुढे ते झाशीस राहिले. मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोज याच्या सैन्याने शहरास वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. लूट व कत्तल चालू असता विष्णुभट लपून राहिले. जवळचे द्रव्य गेले, प्राण तेवढे वाचले. या प्रकरणात त्यांनी मनुष्यहानीबरोबर आणखी एका हानीची नोंद केली आहे, ती राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाची. जपून बांधलेल्या पोथ्या क्षणात मातीमोल झाल्या, याचे दुःख त्यांस स्वतःच्या लुटीइतकेच झाले.

काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांस झाशीची राणी भेटली. पुरुषी वेष, धुळीने माखलेले अंग, तृषेने व्याकूळ. त्यांनी पाणी काढू केले असता तिने ब्राह्मणास श्रम नकोत म्हणून स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्राशन केले. ऐश्वर्याची क्षणभंगुरता सांगण्यास या प्रसंगाला वेगळे निरूपण लागत नाही. विष्णुभटांनीही ते फारसे केलेले नाही.

पुढे ते काशीस पोचले. द्रव्य मिळवून आणण्याचा हेतू सिद्धीस गेला नाही. परंतु आईवडिलांस गंगोदकाने स्नान घालण्याची इच्छा त्यांनी सोडली नाही. गंगेची कावड घेऊन ते वरसईस परतले व ती इच्छा पूर्ण केली.

चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून सुमारे 1883 मध्ये त्यांनी हा वृत्तांत मोडी लिपीत लिहून काढला. मध्ये पाव शतक लोटले होते. म्हणून तारखा व ऐकीव वार्ता यांत काही चुका आढळतात. डोळ्यांनी पाहिलेले मात्र ठसठशीत उतरले आहे. या दोहोंतील भेद वाचकाने राखला पाहिजे.

‘माझा प्रवास’ हा ग्रंथ 1907 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. वैद्यांनी त्याची भाषा व मांडणी सुधारली होती. हेतू चांगला होता, ग्रंथ लोकांपुढे आला तो त्यांच्यामुळेच. परंतु लेखकाची मूळ वाणी झाकली गेली. वैद्यांनी मूळ हस्तलिखित मात्र नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपविले. त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी 1966 मध्ये मूळ पाठ छापला. सुमारे साठ वर्षे वाचक सुधारलेल्या शब्दांनाच विष्णुभटांचे शब्द समजत होते.

झाशीच्या पोथ्यांचा नाश ज्याने पाहिला, त्याची स्वतःची पोथी याप्रमाणे वाचली. पाठ शुद्ध करू इच्छिणाऱ्याने आधी मूळ जपावे. तेवढे केले की सुधारणेतील चूक पुढची पिढी दुरुस्त करू शकते; मूळच गेले तर चूक कळण्याचीही सोय उरत नाही.