शिष्यवृत्तीची कसोटी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड या गावी झाला. त्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. कोल्हापुरात आरंभीचे शिक्षण झाल्यावर महादेव मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत ते होते.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जात असे. पेशवाई लयास गेल्यावर त्या निधीचा काही भाग सरकारने हुशार विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीकडे वळविला. परीक्षांतील उज्ज्वल यशामुळे ही दक्षिणा शिष्यवृत्ती महादेवांस मिळाली. प्रथम दरमहा ६० रुपये व पुढे १२० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. मात्र महादेवांचे लक्ष पैशापेक्षा ग्रंथांकडेच अधिक असे. अतिवाचनामुळे त्यांची दृष्टी अधू झाली, तरी ज्ञानाची भूक शमली नाही. १८६२ मध्ये ते पदवीधर झाले. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते.

याच विद्यार्थिदशेत त्यांच्या सत्त्वाची परीक्षा झाली. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना केली आणि मराठ्यांचा कारभार सरस ठरविला. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे महादेवांच्या बुद्धीचे चाहते होते; परंतु सरकारच्या द्रव्यावर शिकणाऱ्याने सरकारलाच उणे लेखावे, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी महादेवांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

गुणांचे बक्षीस म्हणून मिळालेले द्रव्य मतासाठी गेले. तरीही महादेवांनी ग्रँटसाहेबांविषयी मनात कटुता धरली नाही, की अभ्यासात खंड पाडला नाही. पुढे एम. ए. व एलएल. बी. या परीक्षाही त्यांनी उत्तम रीतीने पार केल्या.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सरकारी सेवेत राहूनही विधवाविवाह, स्त्रीशिक्षण व देशी उद्योग यांचा त्यांनी निर्भयपणे पुरस्कार केला. मराठ्यांच्या इतिहासाची ओढही सुटली नाही. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विषयासाठी विद्यार्थी महादेवास दंड झाला, त्याच विषयावरील न्यायमूर्तींचा ग्रंथ विद्वानांनी आदराने वाचला.

१६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. शिष्यवृत्ती बुद्धीमुळे मिळते. ती गेली असताही ढळू न देणारी वृत्ती मात्र ज्याची त्याने मिळवावी लागते. रानड्यांपाशी या दोन्ही गोष्टी होत्या.