गांधीजींचे ताट कसे बदलले

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



नवीन अनुग्रह घेतलेल्या घरांतून एक प्रश्न नेहमी येतो. मांस-मासे एकदम सुटत नाहीत, काय करावे? त्यासाठी आज आपण महात्मा गांधींची गोष्ट पाहू.

गांधीजींचा जन्म १८६९ साली पोरबंदरला, वैष्णव घरात झाला. घरात मांस वर्ज्य. पण शाळेच्या वयात, राजकोटला, एका मित्राने मनात भरवले की मांस खाल्ल्याशिवाय अंगात बळ येत नाही आणि इंग्रज हटत नाही. म्हणून चोरून खाल्ले. त्या रात्री पोटात बकरा ओरडतोय असे वाटून झोप लागली नाही. तरी वर्षभरात पाच-सहा वेळा खाल्लेच! पुढे सोडले, पण चव आवडेना म्हणून नव्हे. बाहेरून जेवून आल्यावर आईला भूक नाही असे खोटे सांगावे लागे, ते सहन होईना.

१८८८ साली विलायतेला निघताना एका जैन साधूंसमोर आईला वचन दिले, त्यात मांस-मद्य वर्ज्य होते. लंडनमध्ये बेचव उकडलेल्या भाज्या नि पाव, कधी अर्धपोटी राहणे. वचन मोडले नाही, पण सगळ्यांनी मांस खावे हेच मनातून वाटे. मग एका शाकाहारी खानावळीत हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक मिळाले. ते वाचून शाकाहार स्वतःला पटला. त्यानंतर घरून मागवलेली मिठाई-मसाले बंद झाले, अंडी सुटली. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूधही सोडले. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावर शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचा शब्द राहिला पण अर्थ राहिला नाही हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले.

बघा, आधी खोटे सुटले, मग वचन पाळले, शेवटी मन वळले. याला वर्षे लागली.

म्हणून आपल्या घरात कोणी आज फक्त गुरुवार पाळत असेल, कोणी श्रावण, तर तेही पाऊल मोठेच समजू या. सुनेला, मुलाला टोमणे मारून ताट बदलत नाही, उलट चोरून खाणे सुरू होते. आणि आपले स्वतःचे अजून सुटले नसेल तर ते लपवू नये. सद्गुरूंपुढे खरे बोलून पुढचे पाऊल टाकावे.

॥ जय सद्गुरू ॥