गहू आणि निदण : फादर फ्रीडरिश श्पे

भारतात यायची इच्छा असलेल्या, पण कधीच येऊ न शकलेल्या एका जेज्वीट फादरांविषयी मला लिहायचंय. नाव फ्रीडरिश श्पे. १६१७ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून भारतातल्या मिशनवर पाठवण्याची विनंती केली. गोंयच्या सायबाची, म्हणजे फ्रान्सिस झेवियरची, ओढ तेव्हा युरोपातल्या कितीतरी तरुण जेज्वीटांना होती. उत्तर आलं नकाराचं. जर्मनीतच काम करा, असं त्यांना कळवण्यात आलं. आमच्या साष्टीत तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स होते आणि त्यांचं क्रिस्तपुराण आदल्याच वर्षी छापलं गेलं होतं. श्पेसुद्धा कवी होते. ते इथे आले असते तर आपल्या अभ्यासक्रमात कदाचित आणखी एक नाव वाढलं असतं. पण ते तिकडेच राहिले आणि त्यांच्या हातून एक वेगळंच पुस्तक लिहिलं गेलं.

त्यांचा जन्म १५९१ सालचा, ऱ्हाईन नदीकाठच्या कायझर्सवेर्थ गावातला. वडील तिथल्या किल्ल्याचे अधिकारी होते. शिक्षण कोलोनला जेज्वीटांच्या शाळेत झालं. १६१० मध्ये ते संघात दाखल झाले आणि १६२२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. झेवियरला संत घोषित केलं तेही याच वर्षी. श्पे यांची मानली जाणारी काही गीतं आजही जर्मन चर्चमध्ये आगमनकाळात आणि नाताळात म्हणतात. पुढे ते पाडरबोर्नला तत्त्वज्ञान शिकवू लागले. म्हणजे साधं, सरळ, अभ्यासू आयुष्य.

पण काळ साधा नव्हता. १६१८ पासून तीस वर्षांचं युद्ध पेटलं होतं. त्यात पिकं बुडत होती आणि प्लेगच्या साथी येत होत्या. लोकांना कुणीतरी दोषी हवं होतं, आणि ते सापडलं चेटकिणींच्या रूपात. युरोपात या आरोपाखाली जवळजवळ तीन शतकांत सुमारे ४० ते ५० हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. प्रोटेस्टंट मुलखात हे घडलं तसंच कॅथलिक मुलखातही घडलं. व्यूर्ट्सबुर्ग आणि बाम्बेर्ग इथे तर बिशपच राज्यकर्ते होते आणि तिथेच शेकडो लोकांना जाळलं गेलं. मी कॅथलिक आहे म्हणून हा भाग गाळून पुढे जावं असं मला वाटत नाही. श्पे यांनीही तो गाळला नाही.

खटला चालायचा कसा, ते बघा. चेटूक हा अपवादात्मक गुन्हा मानला जाई, त्यामुळे नेहमीचे नियम बाजूला ठेवायला मोकळीक होती. बाईचं वागणं वाईट असेल तर संशय पक्का. चांगलं असेल तर ती ढोंग करते. पकडल्यावर घाबरली तर मनात चोर आहे, नाही घाबरली तर सैतान तिला बळ देतो. मग शारीरिक यातना सुरू. कबूल केलं तर पुरावा मिळाला. नाही केलं तर पुन्हा यातना. कबुलीनंतर साथीदारांची नावं द्यायला लावायची, की पुढच्या आठवड्यात ती माणसं त्याच खोलीत. सुटायची वाटच नव्हती.

श्पे अशा शिक्षा झालेल्या बायकांचं कुमसार, म्हणजे पापनिवेदन, ऐकायला जात आणि चितेपर्यंत त्यांच्यासोबत चालत. त्या तिथे काय बोलल्या ते नावानिशी सांगणं त्यांना शक्य नव्हतं. पण यांतली एकही बाई दोषी नाही, अशी त्यांची खात्री पटत गेली. न्यायाधीशाच्या खोलीत एक गोष्ट ऐकू येत होती आणि धर्मगुरूच्या कानात दुसरीच.

१६२९ मध्ये, पाइने शहराजवळ प्रोटेस्टंट लोकांना कॅथलिक पंथात परत आणण्याच्या कामावर असताना, त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. डोक्याला वार बसले, पण ते वाचले. १६३१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, लॅटिनमध्ये. नाव 'काउत्सिओ क्रिमिनालिस', म्हणजे फौजदारी खटल्यांबाबत सावधगिरीचा इशारा. छापलं रिंटेलन या प्रोटेस्टंट गावात, आणि लेखकाचं नाव न घालता.

पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. पहिला प्रश्न चेटकिणी असतात का, आणि त्याला श्पे हो म्हणतात. ते त्यांच्या काळातलेच होते. पण पुढचे प्रश्न राज्यकर्त्यांना अडचणीत टाकणारे आहेत. यातना दिल्या तर न्यायाधीश आणि धर्मगुरूसुद्धा चेटूक कबूल करतील, मग त्या कबुलीला अर्थ काय? आरोपीला वकील का नाही? दोषींच्या संख्येवर चौकशी अधिकाऱ्याला पैसे मिळत असतील तर तो कुणाला निर्दोष का ठरवेल? गहू आणि निदणाच्या दाखल्याचा आधारही ते घेतात. निदण उपटताना गहू उपटला जाणार असेल तर हात आवरा.

लेखक कोण ते लवकरच कळलं. संघातले काही जण भडकले, त्यांना काढून टाकावं असंही सुचवलं गेलं. प्रांतप्रमुख गोस्विन निकेल यांनी त्यांना सांभाळून घेतलं आणि ट्रियरला पाठवलं. तिथे १६३५ साली जखमी आणि आजारी सैनिकांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि ते वारले. वय ४४. त्यांची कबर सापडली ती थेट १९८० मध्ये. पण पुस्तक टिकलं. पुढे माइन्सचे आर्चबिशप झालेले योहान फिलिप फॉन श्योनबोर्न यांच्यावर श्पे यांचा फार प्रभाव पडला. त्यांच्याकडूनच ही हकिकत तत्त्वज्ञ लाइब्नित्झपर्यंत पोचली आणि तिथून जगाला कळली.

मला एक गोष्ट राहून राहून सुचते. ज्या गोव्याच्या वाटेने श्पे भारतात आले असते, तिथेही १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायासन होतं आणि आपल्याविरुद्ध कोण बोललं हे आरोपीला सांगितलं जात नसे. इथे येऊन ते काय बोलले असते, कुणास ठाऊक.

आज आपली राज्यघटना कलम २० मध्ये सांगते की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, आणि कलम २२ त्याला वकिलाचा हक्क देतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जात नाही. श्पे यांना हेच तर हवं होतं. तरीही भारताच्या तुरुंगांत २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार दर चार कैद्यांपैकी तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला पुरा न झालेले. आणि कुणाला तरी भुताळी किंवा डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या अजून येतात. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही.

आपण कॉलेजातली मुलं कुणाला तुरुंगात टाकत नाही, हे खरं. पण ग्रुपवर एखाद्याचा फोटो आणि त्याखाली आरोप आला, तो गप्प बसला तर दोषी आणि बोलला तर निर्लज्ज, हे आपण रोज बघतो. मित्रांनो, तो फोटो पुढे ढकलण्याआधी त्या माणसाचं म्हणणं कुणी ऐकलंय का, एवढं तरी विचारूया. श्पे यांनी सुरुवात तेवढ्यानेच केली होती.