एका ग्रंथासाठी चार वेळा सातासमुद्रापार
(आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा परिचय)

आपल्या घराघरांतून आज त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. लहान मुले पाली गाथा तोंडपाठ म्हणून दाखवितात, तेव्हा आईबापांचा ऊर भरून येतो. वंदनेची पुस्तिका देवनागरीत छापलेली असते, त्यामुळे पाली ग्रंथ पूर्वीपासून आपल्या लिपीत आपल्यापाशीच होते असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात तेथल्या लिपीत आणि युरोपात रोमन लिपीत लिहिली गेली. ज्या भूमीत भगवंतांनी धम्मचक्र प्रवर्तित केले त्या भूमीतच त्रिपिटक वाचायला मिळेनासे झाले होते. ते परत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवळ या गावी झाला. घरी नारळीच्या बागा होत्या; शिक्षण मात्र गावच्या शाळेपुरतेच झाले. तरुणपणी एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घेण्याचा ध्यास त्यांना लागला. १८९९ साल संपता संपता पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर आणि काशी असा त्यांचा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे बौद्ध धर्म पाहावा म्हणून ते नेपाळात गेले, पण तेथे त्यांची निराशा झाली. बुद्धगयेला त्यांना सिंहलाची वाट कळली. १९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोहोचले आणि सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले. तेथे व पुढे ब्रह्मदेशात ते श्रमण व भिक्षू म्हणून राहिले.

भारतात परतल्यावर त्यांना कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम मिळाले. परंतु आपल्या विद्येचा लाभ महाराष्ट्राला व्हावा ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून ते इकडे आले. ज्याला संसार आहे त्याने असा निर्णय घेणे सोपे नसते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला कळेल.

याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्यातून हार्वर्डचे बोलावणे आले. त्याची हकीकत अशी. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी सिंहलातील अनुराधपूरच्या महाविहारात राहून 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशा क्रमाने २३ प्रकरणांत धम्माचा सारा मार्ग त्यात सांगितला आहे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याचे संपादन हाती घेतले होते. वॉरन लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने अधू होते, तरी त्यांनी पालीचा अभ्यास सोडला नाही. १८९९ मध्ये काम अपुरे टाकून ते वारले. त्यांचे कागद व हस्तलिखितांवरील टिपणे विद्यापीठाने जपून ठेवली. ती पुरी करील असा जाणकार विद्यापीठाला हवा होता.

हस्तलिखितावरून ग्रंथ सिद्ध करणे म्हणजे नुसती नक्कल करणे नव्हे. लेखकु ताडपत्रावर ग्रंथ उतरवून घेतो, तेव्हा एखादा शब्द गळतो, एखादी ओळ दोनदा पडते. पुढचा माणूस ती चूक तशीच उतरवितो. म्हणून सिंहली व ब्रह्मदेशी अशा वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहावा लागतो, कोणता पाठ मूळचा ते ठरवावे लागते आणि उतारे कोणत्या सुत्तातले ते शोधावे लागते. ज्याने सिंहलात व ब्रह्मदेशात राहून विद्या मिळविली, असा पदवी नसलेला हा गोव्याचा गृहस्थ त्यासाठी योग्य ठरला.

१९१० साली ते हार्वर्डला गेले. मात्र संपादनाचे श्रेय कोणाच्या नावे छापावे यावरून ग्रंथमालेचे संपादक प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये काम अपुरे ठेवून ते परतले. त्यानंतर १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत हे त्यांचे शिष्य. पुढे मुंबई विद्यापीठाने भागवतांनी संपादिलेले पाली ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केले. म्हणजे एका शिक्षकाने लावलेल्या रोपाला विद्यापीठाच्या अंगणात फळे आली.

कोसंबी मात्र विसुद्धिमग्गाला विसरले नाहीत. १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि पुन्हा १९३१-३२ असे ते हार्वर्डला जात राहिले. मधल्या काळात ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते, १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला.

अमेरिकेतील छपाई लांबत गेली. पण १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने कोसंबींनी संपादिलेला विसुद्धिमग्ग देवनागरीत छापला. याच काळात त्यांचा 'भगवान बुद्ध' हा मराठी ग्रंथही बाहेर पडला. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यांनी मानली नाही. शाक्य व कोलिय यांच्या कलहाकडे त्यांनी लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलियांचा तंटाच सांगितला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, अन्नत्याग करून, आचार्य कोसंबी यांनी देह ठेवला. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती त्यानंतर ३ वर्षांनी, १९५० मध्ये, ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून निघाली. तिच्यावर वॉरन यांच्यासह धर्मानंद कोसंबी यांचेही नाव आहे. ज्या नावासाठी ते १९१२ मध्ये परत फिरले होते ते ग्रंथावर आले, पण पाहायला ते नव्हते.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? वॉरन यांचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर रद्दीत गेले असते, तर कोसंबींना पुढे न्यायला काही उरले नसते. कागद जपणारी संस्था आणि तो वाचून पुढे नेणारा माणूस, दोन्ही असले तरच विद्या टिकते. आपल्या आजोबा-पणजोबांचे शिक्षण नाकारले गेले, म्हणून आपल्या घरांत जुने कागद थोडे. जे आहेत ते तरी हरवू देऊ नका. १९५६ च्या दीक्षेची आठवण सांगणारे पत्र, सभेचे हस्तपत्रक, विहाराच्या बैठकांची वही, वडीलधाऱ्यांचे छायाचित्र, हे सारे आपल्या इतिहासाचे ताडपत्र आहे. त्यावर तारीख व नावे लिहा, कोरड्या जागी ठेवा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मागितले तर एक प्रत द्या. आणि घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला पाली शिकू द्या. जपलेला कागद वाचायला कोणीतरी लागतेच.