गळ्यातला ‘ग’ मोजणारा डेप्युटी कलेक्टर

देवल म्हटलं की आपल्याला ‘शारदा’ आठवते. पण त्याच घरात आणखी एक देवल होऊन गेले. त्यांनी नाटक लिहिलं नाही, गाणं मोजलं!

तुमच्या मोबाइलमध्ये ट्यूनरचं अ‍ॅप आहे? नसेल तर आत्ता घ्या, फुकट मिळतं. ‘सा’ लावा. स्क्रीनवर आकडा येईल. २४०, मग २४१, मग २३८. सुई थरथरत राहते, पण तुमचा सूर सेकंदाला किती कंपनं करतोय ते तिथल्या तिथे कळतं.

आता समजा मोबाइल नाही, माइक नाही, रेकॉर्डिंगची सोय नाही. साल आहे १९१० च्या अलीकडचं-पलीकडचं. समोर एक मोठा गवई बसलाय आणि तो लावतोय त्या गंधाराचा आकडा तुम्हाला काढायचा आहे. कसा काढाल?

हे कोडं अंगावर घेणारा माणूस आपल्या सांगलीचा होता. कृष्णाजी बल्लाळ देवल. संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव नीट माहीत आहे. इंग्रजीत श्रुतींवर लिहिलेलं कुठलंही जुनं पुस्तक उघडा, के. बी. देवल भेटतातच. विश्रामबागेत तीन वर्षं कॉलेज करून मला मात्र ते माहीत नव्हते. तुम्हालाही नसतील, म्हणून हा लेख.

हरिपूरचं घर

विश्रामबागेतून निघून सांगली ओलांडली की कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर लागतं. ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’, ‘संशयकल्लोळ’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं बालपण या गावातलं. कृष्णाजी हे त्यांचे थोरले भाऊ. धाकट्यानं रंगभूमी धरली, थोरल्यानं सरकारी नोकरी. कृष्णाजी डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले.

आता डेप्युटी कलेक्टर म्हणजे महसूल खातं. जमीन, मोजणी, नोंदी, हिशेब. अशा खात्यात हयात घालवलेला माणूस गाण्याकडे वळला, की तो आधी काय विचारणार? किती? नेमकं किती? माझ्या मते कृष्णाजींच्या पुढच्या सगळ्या कामात हा प्रश्न दिसतो. १९०८ मध्ये त्यांनी पूर्व-पश्चिमेच्या संगीताची तुलना करणारं इंग्रजी पुस्तक काढलं आणि १९१० मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवरचं.

बावीस म्हणजे काय?

थोडं गणित करू. घाबरू नका, बारावीचं पुरे.

भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाचे बावीस भाग सांगितलेत. त्यांना म्हणायचं श्रुती. सात सुरांना त्या वाटून दिल्यात : सा ला ४, रे ला ३, ग ला २, म ला ४, प ला ४, ध ला ३, नी ला २. बेरीज करा, बरोबर २२. पण एक श्रुती म्हणजे केवढी, ते आकड्यात कुठे दिलेलं नाही. सगळ्या सारख्या की लहान-मोठ्या, यावर पंडित शतकानुशतकं भांडत आले.

समजा सगळ्या सारख्या आहेत आणि आपला सा आहे २४०. सा पासून प तेरा श्रुतींवर. हिशेब केला तर प येतो साधारण ३६१.५. आणि कानाला गोड लागणारा, तंबोऱ्यावर जुळवतो तो प किती? सा च्या बरोबर दीडपट, म्हणजे ३६०. दीड कंपनाचा फरक. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला हा प लगेच खुपेल. म्हणजे श्रुती सारख्या असून चालत नाही. त्या असमान आहेत, सुरांची नाती साध्या अपूर्णांकांची आहेत, ही देवलांची भूमिका. आणि ती नुसत्या पोथीवरून मांडायची नव्हती, गळ्यावर तपासायची होती.

तार, घोडी आणि खाँसाहेब

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सोनोमीटर वापरलाय ना? देवलांचं यंत्र त्याच जातीचं. ताणलेली तार, खाली मोजपट्टी, मध्ये सरकणारी घोडी. ताण तोच ठेवला तर तार जितकी आखूड, सूर तितका वर. अर्ध्या तारेवर वरचा सा, दोन तृतीयांश तारेवर प, तीन चतुर्थांशावर म.

गवयानं सूर धरायचा. घोडी सरकवत सरकवत तारेचा सूर त्या गळ्याशी एकजीव करायचा. मग लांबी वाचायची. लांबीवरून आकडा. झालं मोजमाप!

आणि गळा कुणाचा? अब्दुल करीम खाँ साहेबांचा. किराण्याचे, पुढे मिरजेचे झालेले. त्या काळात सुरेलपणात ज्यांचं नाव पहिल्यांदा घ्यावं असे गवई. मोजपट्टी म्हणून यापेक्षा चांगला गळा कुठला मिळणार? आणि खाँसाहेबांचंही कौतुक. घराण्यातली विद्या जपून ठेवण्याचा तो काळ. पण एक निवृत्त अधिकारी तार-पट्टी घेऊन बसलाय आणि एकेक सूर मागतोय, तर ते देत गेले.

हे काम किती नाजूक असतं, ते मी कागदावर मांडून बघितलं. तार ९० सेंटिमीटर धरा, त्यावर सा २४०. मग प ६० सेंटिमीटरला, ग ७२ ला. आता धैवत घ्या. एक धैवत येतो ४०० वर, त्यापेक्षा किंचित चढा दुसरा ४०५ वर. पहिल्याला तार लागते ५४ सेंटिमीटर, दुसऱ्याला ५३.३. म्हणजे दोन धैवतांत अंतर सात मिलिमीटरपेक्षाही कमी. आपल्या करंगळीच्या रुंदीपेक्षा कमी जागेत दोन वेगळे सूर, आणि ते वेगळे आहेत हे कानानं ठरवायचं.

पेटीचं दुखणं

याच धैवतावरून पेटीचं दुखणं समजतं. हार्मोनियम युरोपातून आली. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. प्रत्येक पट्टीला मागच्या आकड्याला १.०५९५ नं गुणायचं, बारा वेळा गुणलं की दुप्पट. फायदा असा की कुठल्याही पट्टीला सा मानून वाजवता येतं. तोटा? २४० च्या सा वर पेटीचा ध येतो ४०३.६. ४०० पण नाही आणि ४०५ पण नाही, दोन्हींच्या मध्ये! ग हवा ३००, पेटी देते ३०२.४.

दोन कंपनांनी काय होतं, असं वाटेल. तंबोरा नीट जुळला की त्यात न छेडताच एक गंधार ऐकू येतो, गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो जादूनं येत नाही. खर्जाची तार १२० वर असेल, तर तिच्या पोटात तिच्या पाचपट कंपनांचा सूर असतो, ६००. हा झाला ३०० च्या दुप्पट, म्हणजे शुद्ध गंधारच. शेजारी पेटीचा वरचा ग वाजतो ६०४.८ वर. दोन्ही एकत्र आले की हवेत सेकंदाला चार-पाच ठोके पडतात. सूर लाटांसारखा हलतो. लहानपणी पेटीच्या क्लासला माझा ग चढा लागतो म्हणून मी पुष्कळ ओरडा खाल्लाय. आता वाटतं, निम्मा दोष पेटीचा होता!

देवलांना इथे जोडीदार मिळाला, साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश असलेला अर्नेस्ट क्लेमेंट्स हा आयसीएस अधिकारी. दोघांनी मिळून फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था काढली. १९१३ मध्ये क्लेमेंट्सचं भारतीय संगीताच्या अभ्यासावरचं पुस्तक लंडनच्या प्रकाशकानं छापलं. आणि दोघांनी एक वेगळीच पेटी घडवून घेतली, श्रुती हार्मोनियम. सप्तकात बारा नाही, बावीस श्रुतींचे सूर देणारी. ती बनवली लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीनं. सांगलीतलं मोजमाप, मिरजेचा गळा, साताऱ्याचा न्यायाधीश आणि लंडनचा कारखाना. त्या काळाच्या मानानं हे प्रोजेक्ट चांगलंच मोठं म्हणायचं!

बडोदा, १९१६

मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. देशभरातले गवई आणि पंडित एकत्र. परिषदेमागे मोठा हात पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचा. श्रुतींचा प्रश्न तिथे निघाला आणि देवल-क्लेमेंट्सची मांडणी आणि पेटी सगळ्यांसमोर आली.

पटली नाही. गवयांचं आणि शास्त्रकारांचं एकमत झालं नाही. यंत्राची श्रुती आणि गळ्यातली श्रुती एकच, हे मान्य व्हायला बडोदा तयार नव्हतं. भातखंड्यांचा मार्ग वेगळा होता. राग समजावायला बारा सूर आणि दहा थाट पुरेत, बाकीचं गळ्यावर सोडा, असा. शिकवायला तो सोपा, म्हणून शाळा-कॉलेजांत तोच रुजला. आजही परीक्षेला आपण तोच लिहितो.

त्याच वर्षी जूनमध्ये धाकटे बंधू गोविंदरावही गेले. पण कृष्णाजींनी विषय सोडला नाही. राग आणि त्यांचे सूर यांवरचं काम संस्थेमार्फत पुढेही छापलं जात राहिलं. श्रुती पेटी मात्र घराघरांत कधी गेली नाही. बाजारात राहिली ती बारा सुरांचीच. गंमत म्हणजे सुरांच्या या तक्रारीवरूनही ती बदनाम होती, आणि १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं तिला बंदी घातली होती.

मग देवल चुकले का?

इथे मी अडखळले. चरित्र लिहिताना आपला माणूस बरोबरच होता असं लिहावंसं वाटतं. पण पुढची मोजमापं बघा. १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन यांनी यंत्रावर हिंदुस्थानी कलावंतांचे सूर मोजले. १९८२ मध्ये मार्क लेव्हीनं मोठा अभ्यास केला. दोन्हींत दिसलं की एकच कलावंत एकाच रागात तोच सूर दर वेळी थोडा इकडे, थोडा तिकडे लावतो. बावीस ठरलेल्या खुंट्या सापडल्या नाहीत.

आता हेच काम कॉम्प्युटर करतो. गाण्याचा सेकंदाच्या शंभराव्या भागागणिक सूर काढायचा आणि कुठल्या सुरावर गळा किती वेळ होता त्याचा आलेख काढायचा. आयआयटी मुंबईत यावर काम चालतं. बार्सिलोनाच्या विद्यापीठानं २०११ मध्ये सुरू केलेल्या मोठ्या प्रकल्पातही हिंदुस्थानी संगीत होतं. असा आलेख काढला की सा आणि प चे सुळके टोकदार येतात, पण बाकीच्या सुरांचे पसरट डोंगर होतात. दरबारीतला कोमल गंधार तर झुलतोच, त्याला एक आकडा कसा लावणार?

देवलांच्या पद्धतीत हीच अडचण होती. मोजायला सूर थांबवावा लागतो आणि गाणं तर थांबत नाही. दुसरं, घोडी सरकवणाऱ्याला ७२ वर ग सापडेल असं आधीच वाटत असेल, तर कान तिथेच थांबण्याची शक्यता जास्त. प्रॅक्टिकलला उत्तर माहीत असलं की आपलं रीडिंग कसं आपोआप जुळतं, आठवा जरा!

पण तरीही. बावीस श्रुती खऱ्या की कल्पना, हा वाद पोथ्यांतून उचलून टेबलावर ठेवणाऱ्या पहिल्या काही माणसांत देवल होते. त्यांनी आकडे छापले, म्हणून ते खोडता आले. नुसतं आपलं संगीत महान आहे म्हणून थांबले असते, तर कुणाला खोडायलाही काही उरलं नसतं. आणि पेटीचा ग चढा आहे, हे त्यांचं म्हणणं आजही तसंच्या तसं खरं आहे.

अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. तिथूनच जवळ सतारमेकर गल्ली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कारागिरांमुळे. विश्रामबाग स्टेशनवरून मिरज पुढचंच. एखाद्या सुट्टीला जा. कारागीर जवारी काढत असेल तर परवानगी घेऊन शेजारी बसा, ट्यूनर चालू करा आणि खर्जाच्या तारेतला तो न छेडलेला गंधार शोधा. मग पेटीचा ग वाजवून दोन्ही आकडे वहीत लिहा. देवलांनी निवृत्तीनंतर हेच केलं, तुम्हाला तर परीक्षा संपेपर्यंतच थांबायचंय.