रुपयाचा अभ्यास करणारा विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की महाडचे तळे, भारताची राज्यघटना आणि नागपूरचे धम्मचक्र प्रवर्तन या गोष्टी चटकन आठवतात. परंतु त्यांच्या पदव्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, आणि तोही नाणे, कर व राज्यसत्ता यांच्या संबंधांचा, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. देशादेशांतील व्यापार आणि राजकारण यांचा एकत्र विचार करणारे शास्त्र हल्ली परदेशी विद्यापीठांत स्वतंत्र नावाने एम.ए.ला शिकवतात. त्या शास्त्राला ते नाव मिळण्याच्या पुष्कळ आधी एका लष्करी सुभेदाराचा मुलगा न्यूयॉर्क आणि लंडन येथे तोच अभ्यास करीत होता.

या विषयाची गोडी बसवकल्याणच्या जुन्या घराण्यांना तरी वेगळी सांगायला नको. निजामी अमदानीत आपल्याकडे दोन रुपये चालत: घरचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. ठरलेल्या दराने सहा कलदारांना सात हाली, म्हणजे शंभर कलदारांना एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै. सोलापूरच्या पेढीचे देणे कलदारात आणि शेतसारा हालीत, असा हिशेब ज्या वाड्यांत चाले तेथे नाण्याचा भाव बदलला की कोणाच्या घरातले दाणे कमी होतात, हे पुस्तकाशिवाय कळत असे. हाली रुपया १९५९ साली कायमचा बंद झाला. भीमरावांनी जन्मभर विचारलेला प्रश्न याच जातीचा होता: नाण्याचा भाव ठरवतो कोण, आणि त्याची किंमत मोजतो कोण?

त्यांचा जन्म महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळत. ही ओळख केळुसकर गुरुजींनी करून दिली होती. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या प्रारंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि लगेचच, २ फेब्रुवारीस, वडील रामजी वारले. जूनमध्ये महाराजांनी त्यांना अमेरिकेस पाठवण्याचे ठरवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार झाला. ज्या खजिन्यातून मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली उभी राहिली, त्याच खजिन्यातून हे पौंड निघाले. संस्थानिकांच्या नावाने बोटे मोडणे आज सोपे झाले आहे; हा जमाखर्चही त्यांच्या नावावर मांडावा लागेल.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. जॉन ड्यूई यांचे तत्त्वज्ञान आणि शॉटवेल यांचा इतिहासही त्यांनी ऐकला. जेमतेम शिष्यवृत्तीतून काही पैसे परळच्या चाळीत रमाबाईंकडे जात. उरलेल्यातून पोट भरायचे आणि जुन्या बाजारातली पुस्तके घ्यायची. मुदत तीनच वर्षांची असल्याने चैनीला वेळ नव्हता, आणि त्यांनी तो काढलाही नाही. प्राचीन भारताचा व्यापार आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हे त्या काळातील त्यांच्या लेखनाचे विषय. १९१५ साली ते एम.ए. झाले.

कंपनीचा विषय निवडण्यात मर्म होते. एक व्यापारी मंडळी परमुलखात येते, महसूल वसूल करू लागते, आणि त्या महसुलातूनच आपल्या मालाची खरेदी व लढायांचा खर्च भागवते, ही व्यापार आणि राज्य एक झाल्याची गोष्ट होती. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती भावनेने नव्हे, आकड्यांनी मांडली. पुढल्या मे महिन्यात, १९१६ साली, गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला आणि लागोपाठ जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर प्रबंध दिला. अर्थशास्त्र आणि जात हे दोन विषय एकाच टेबलावर कसे, असे कोणी विचारील. कल्याणच्या माणसाला त्याचे नवल वाटू नये. बिज्जलाच्या या राजधानीत बाराव्या शतकात राज्याचे भांडार सांभाळणारे बसवेश्वरच जातिभेदाविरुद्ध उभे राहिले होते.

न्यूयॉर्कहून भीमराव लंडनला आले. ऑक्टोबर १९१६ मध्ये अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध लंडन स्कूलमध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले, आणि वर्ष पुरे होण्याआधीच शिष्यवृत्ती संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत प्रा. एडविन कॅनन यांच्यामुळे मिळाली, एवढाच काय तो आधार. महायुद्ध चालू होते. ते स्वतः सुखरूप मुंबईस उतरले, पण मागून येणारे त्यांचे सामान जहाजाबरोबर समुद्रात गेले. त्याच्या भरपाईच्या सहाशे रुपयांतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले ते सर्वश्रुत आहे. कोलंबियाच्या एम.ए.ला गावात राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत, आणि पारशी उतारगृहातून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी सुटली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. दुसरा कोणी या पगारावर स्थिरावला असता. त्यांनी मात्र त्यातून लंडनसाठी पैसे साठवले. काही मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, पाच हजार रुपये मित्र नवल भथेना यांनी उसने दिले आणि १९२० मध्ये, सवलतीची मुदत सरण्यापूर्वी, ते पुन्हा बोटीवर चढले.

लंडनची ती वर्षे फार ओढीची गेली. सकाळी पाव-मुरंबा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बैठक, रात्री भुकेला देशाहून आणलेले पापड. गवयाच्या पोरांना आपण रियाजाच्या कथा ऐकवतो; ही बैठकही त्यांच्या कानी घालण्यासारखी आहे. जून १९२१ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधाला एम.एस्सी. मिळाली. मग आला डी.एस्सी.चा प्रबंध, रुपयाचा प्रश्न.

तो प्रश्न असा. रुपया चांदीचा, विलायतेचा पौंड सोन्याचा. १८७३ नंतर चांदी उतरत गेली आणि दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाला आला. इंग्लंडला द्यायचे देणे पौंडात असल्याने त्यासाठी येथून अधिकाधिक रुपये काढावे लागत. १८९३ साली सरकारने लोकांच्या चांदीला टांकसाळ बंद केली. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला आणि तो सांभाळण्याचे काम स्वतःकडे ठेवले. केन्स यांनी १९१३ साली याच व्यवस्थेची शिफारस केली होती. आंबेडकरांनी ती अमान्य केली. रुपये पाडण्याचा हात सरकारचा मोकळा राहिला की रुपये वाढतात, महागाई होते आणि बांधल्या मजुरीवर जगणारा त्यात भरडला जातो, हे त्यांचे म्हणणे. रुपया पाडण्यावर मर्यादा घाला आणि चलन सोन्याला बांधा, असा त्यांचा उपाय होता. सोन्याचा हा आग्रह पुढे जगानेच सोडला. मोकळ्या हाताची भीती मात्र खोटी ठरलेली नाही.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध सुधारून मागितला. थांबायला पैसे नव्हते. ते मुंबईस परतले, येथून ऑगस्टमध्ये नवी प्रत पाठवली, निष्कर्ष मात्र हलवले नाहीत. त्याच वर्षी पदवी मिळाली आणि डिसेंबरात पुस्तक निघाले. प्रस्तावना लिहिणाऱ्या कॅनन यांनी काही मुद्द्यांवरचा मतभेद तेथेच नोंदवला. गुरुशिष्यांचा असा उघड व्यवहार आपल्याकडे दुर्मीळच. १९२५ साली प्रांतिक वित्तावरचे पुस्तक आले ते सयाजीराव महाराजांना अर्पण करून. ज्या गावात डोके टेकायला जागा मिळाली नव्हती, त्या गावाच्या राजाचे ऋण पहिल्या पानावर मान्य केले गेले.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रुपया स्वस्त ठेवा अशी गिरणीवाल्यांची मागणी होती. त्यातला नफा परदेशातून येत नाही, आपल्याच मजुराच्या ताटातून निघतो, असे त्यांनी दाखवून दिले. या आयोगाच्या शिफारशींतून पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. म्हणून ती बँक आंबेडकरांनीच काढली असे हल्ली सरसकट बोलले जाते. ते नेमके नव्हे, आणि त्यांच्या कामाला त्या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ साली मिळाली. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. रुपयावरील ग्रंथाची नवी आवृत्ती १९४७ मध्ये, भारतीय चलन व बँकव्यवसायाच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून निघाली. १९२३ नंतरची हकिकत दुसऱ्या खंडात यायची होती. त्याच साली ते कायदामंत्री झाले, पाठोपाठ घटनेचे काम आले, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा तो खंड लिहायचा राहिलेलाच होता.